मागच्या वर्षीचा पगार

त्सुकुबा, मार्च २०१७, शुक्रवार संध्याकाळ

माझ्या सईला दोन कॉलेजांची पत्रं आली. क्युशूच्या कॉलेजने पूर्ण फी माफ केली, टोकियोच्या कॉलेजने एक येनही नाही. तिला टोकियोलाच जायचंय. घर एक, कागद तेच, मग असं का?

शेवटी दुपारी टोकियोला फोन केला. ऑफिसातल्या बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "आम्ही मागच्या वर्षीचा पगार बघतो. तुमचा चांगला आहे."

मागच्या वर्षीचा! क्युशूवाल्यांनी पालकांना येत्या वर्षीचा विचारला होता. मी शून्य लिहिलं. इन्स्टिट्यूटमधलं माझं काँट्रॅक्ट या महिन्याअखेर संपतंय. मागच्या वर्षीच्या पगारावर पुढची चार वर्षं कशी शिकणार ती?

"परिस्थिती बदलली असेल तर सोमवारपर्यंत अर्ज करा," बाई म्हणाल्या. "पण तो विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने लिहायचा."

आणि सईला नोकरीचं मी सांगितलंच नव्हतं. आधी परीक्षा होती, मग निकाल... कारणं काय, सापडतात. २०११च्या भूकंपानंतर ओळखीचे कितीतरी भारतात परत गेले, मीच हट्टाने राहिलो. आता पुण्याला न्यावं, तर तिला धड मराठी वाचता येत नाही.

जेवणाआधी सांगून टाकलं. तिने दप्तरातून पेन काढलं. मग म्हणाली, "बाबा, फॉर्म दे."

वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात तिने दोन जपानी अक्षरं लिहिली. इतक्या वर्षांनंतरही मला जपानी जेमतेमच वाचता येतं. ती दोन मात्र लगेच वाचता आली. बेकार.