आत्या वजा जाता गाडीची ताकद

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार लिहायला बसले होते, पण गुडघे बोलायला लागल्यापासून आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. तेवढी पोचली समज, उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला, की तिने त्याला कायमचाच ठेवून घेतलाय? इकडे आत्या ठणठणीत. ऐकू येणं मात्र तिच्या मर्जीवर चालतं: 'गोळी घेतलीस का' हे कानाशी ओरडलं तरी पोचत नाही, आणि तिच्याबद्दल स्वयंपाकघरात कुजबुजलेलं पलीकडच्या खोलीत शब्दन् शब्द पोचतं. ह्यांची तब्येत उत्तम आहे. डोक्याविषयी मात्र सविस्तर लिहावं लागेल, आणि त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

मागच्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की बाबांची गाडी आता मोडीत काढा, तिच्यात जीव राहिलेला नाही, आणि तसंही बाबांना गाडीतलं कधी काही कळत नव्हतं. ते पत्र मी जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचत होते. (मेली माझी जीभ! शेवटची ओळ गिळायला हवी होती, पण वाचण्याच्या भरात निघून गेली.) आत्याचा घास हातातच राहिला. ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तुझे मेहुणे चष्मा पुसायला लागले की समजावं, आता कुणावर तरी धाड पडणार. वजनमाप खात्यातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण अंगातला निरीक्षक काही निवृत्त होत नाही. अजूनही हे कोपऱ्यावरच्या दुकानात तराजूकडे असे रोखून बघतात की दुकानदार न मागता चार दाणे वर टाकतो. तर चष्मा पुसून झाल्यावर हे म्हणाले, "जीव नाही म्हणजे? ही गाडी पाण्याच्या टाकीचा चढ तिसऱ्या गियरमध्ये चढून दाखवेल. मग बोलू."

टाकीचा चढ! नुसतं नाव काढलं आणि मला भाकरी गोड लागेना. (तू म्हणशील, मूळ मुद्द्यावर ये. येते, पण चढ वळणावळणानेच चढायचा असतो.) तुला आठवतं का रे, सुट्टी लागली की आजोळी निघायचं, बाबांची ती पहिली करड्या रंगाची गाडी, पुढच्या काचेला तडा, मागच्या सीटच्या स्प्रिंगा अशा की कोण कुठे बसणार हे स्प्रिंगाच ठरवायच्या. चढाच्या पायथ्याशी आलो की बाबा गाडी थांबवून मागे वळायचे आणि अगदी पडेल चेहऱ्याने म्हणायचे, "मंडळी, गाडीत दम नाही. पायउतार व्हा." मग आई डब्याची पिशवी घेऊन उतरायची, आत्या चपला हातात घेऊन उतरायची, आणि तू चाकाखाली लावायचा दगड पोटाशी धरून गाडीच्या मागे धावायचास, तोंड असं करून की जगातला सगळा अन्याय त्या दगडातच भरलाय. मी सगळ्यांत हलकी म्हणून मला बसू द्यायचे. बाबांच्या शेजारी राणीसारखी बसून मी तुम्हाला हात करत वर जायची. मग एका सुट्टीत बाबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आता तूही." बाकीच्या मुली कशाने मोठ्या झाल्या ते मला माहीत नाही, मी त्या दिवशी टाकीच्या पायथ्याशी मोठी झाले.

पण खरं सांगू? चालत जाण्यातच मजा होती. घरात आई आणि आत्या एकमेकींशी बोलायच्या ते 'मीठ संपलंय' आणि 'दूध बघ' एवढंच. त्या चढावर मात्र दोघी गळ्यात गळे घालून हसत असायच्या, मधेच थांबून डोळे पुसायच्या, आणि आपण जवळ गेलो की गप्प. वर टाकीच्या सावलीत बाबा बॉनेट उघडून उभे असायचे. मग आजोळी पोचलो की मामा दारातूनच ओरडायचा, "आलात? की गाडीला उचलून आणलंत?" बाबा सगळ्यांत मोठ्याने हसायचे. तू नाही हसायचास. तू पुढे लिफ्टचा इंजिनिअर झालास त्याचं मूळ तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

तर चिप. ह्यांनी कुठल्याशा जाहिरातीत वाचलं की गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची एक चिप मिळते, ती लावली की इंजिनाची ताकद पस्तीस टक्क्यांनी वाढते आणि पेट्रोल उलट कमी लागतं. (कमी खाऊन जास्त काम करणारा प्राणी मी आजवर एकच पाहिलाय, तो म्हणजे मोठ्या घरातली थोरली सून. पण बोलले नाही.) डबी आली. काडेपेटीएवढी, हिरवा दिवा, एक बटण. सोबतच्या कागदावर लिहिलेलं की पहिले काही दिवस नुसती गाडी चालवा, तेवढ्यात चिप तुमची चालवण्याची पद्धत शिकून घेते. मला धडकीच भरली. ह्यांची पद्धत शिकली असती तर गाडी दर चौकात थांबून चारी दिशांना नमस्कार करत बसली असती. तरी आठवडाभर आम्ही गावातून भटकलो. मला फरक दिसेना. ह्यांना रोज दिसायचा. "आवाज ऐक, आवाज! भरदार झालाय." आवाज भरदार झाला होता, कारण हे ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबत होते.

शेवटी रविवारी सकाळी परीक्षा ठरली. वजनमाप खात्याची शिस्त काय विचारतोस! टायरातली हवा तपासली, डिकीतली छत्रीसुद्धा बाहेर काढली, स्टॉपवॉच माझ्या गळ्यात अडकवलं. आत्या एरवी गाडीत बसायला कधी तयार नसते ('मला घरीच बरं'), पण भरल्या गाडीची परीक्षा हवी म्हणून ह्यांनी तिला गळ घातली. बाबांच्या गाडीची अब्रू पणाला लागलीय म्हटल्यावर ती पदर खोचून उठली.

आधी चिप काढून चढलो. दुसऱ्या वळणापाशीच गाडी कण्हायला लागली, दुसऱ्या गियरमध्ये रडतखडत टाकी गाठली. आत्या मागे डोळे मिटून बसलेली, मला वाटलं डुलकी लागली. परत खाली आलो. आता चिप. ती जोडायची जागा स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी पाताळात आहे, त्यामुळे हे दाराबाहेर पाय काढून उलटे झाले आणि मी तो कागद वाचून दाखवू लागले. ह्यांना ऐकू जाईना, मला अक्षर लागेना, दोघांची छान जुंपली. एकदाचा हिरवा दिवा लुकलुकला, हे लालबुंद होऊन वर आले आणि आम्ही निघालो.

आणि दादा, गाडी चढली! पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरा गियर, कुरकुर नाही की कण्हणं नाही. हे स्टिअरिंगवर ताल धरत होते. मलाही भरून आलं. वाटलं, बाबा असते तर! टाकीपाशी ह्यांनी ऐटीत ब्रेक लावला आणि मागे वळून म्हणाले, "काय आत्या? आहे की नाही जीव?"

मागच्या सीटवर आत्याची पर्स होती. आत्या नव्हती.

ह्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही, बाईमाणसाने नवऱ्याविषयी किती लिहावं यालाही काही मर्यादा आहे. जन्मभर शंभर ग्रॅमची चोरी पकडणाऱ्या माणसाच्या काट्यावरून अख्खी आत्या निसटली होती. ह्यांना तिथेच सोडून मी धावत खाली निघाले. पाहते तर पहिल्या वळणावर आत्या, चपला हातात घेऊन, संथपणे वर येतेय.

"आत्या, उतरलीस कशाला?"

"म्हणजे? टाकीचा चढ आला की उतरायचं असतं."

मी तिचा हात धरला आणि आम्ही चालू लागलो. मग ती एकदम म्हणाली, "दादा लिहितो, त्याच्या बाबाला गाडीतलं कळत नव्हतं. खुळाच आहे. ती करडी गाडी सगळ्यांना घेऊन चढायची. टाकीच्या चौकीदाराचं घर बांधलं तेव्हा तुझ्या बाबानेच सिमेंटची पोती वर नेली, त्याच गाडीतून. हूं की चूं केलं नाही तिने."

मी थांबलेच. "मग आपल्याला का उतरवायचे?"

"तुझ्या आईला गाडी लागायची. वळणं आली की पोटात ढवळायचं. कुणाला कळलं तर लाज वाटेल म्हणून तिने मला सांगितलं, मी तुझ्या बाबाला. तो म्हणाला, मी बघतो."

बघतो म्हणजे काय, तर पुढे ती गाडी विकेपर्यंत दर सुट्टीला गाडीत दम नाही म्हणत राहिला तो माणूस. मामाची थट्टा ऐकली, तुझं तोंड पाहिलं, आणि हसत राहिला. मला रडू आलं. आत्या म्हणाली, "रडायचं तर वर जाऊन रड, चढावर दम लागतो." खाली येतानाही ती चालतच आली. म्हणे हवा छान आहे. हवा कसली, नुसता धुरळा होता.

आता तुला उत्सुकता असेल तो तांत्रिक निकाल. फेरपरीक्षेसाठी आत्याने बसायला साफ नकार दिला ("मी माणूस आहे, माप नाही"), म्हणून तिच्याऐवजी पाण्याचे कॅन ठेवायचं ठरलं. पण किती? तिचं वजन विचारायची छाती कुणाची? शेवटी ह्यांनी तिला नुसत्या नजरेने तोललं आणि आकडा सांगितला. तो आत्याला इतका कमी वाटला की तिने संध्याकाळी स्वतःहून ह्यांना चहा करून दिला. कॅन ठेवून चिपसकट चढलो: दुसरा गियर, रडतखडत. चिप काढून: दुसरा गियर, रडतखडत. कॅन उतरवून, चिप काढून: तिसरा गियर, ताल धरण्यासारखा. थोडक्यात, चिपने वाढलेली सगळी ताकद आत्याएवढी भरली.

त्याच दुपारी ह्यांनी चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने डबी उघडली. आत एक दिवा, एक बटण आणि दिवा लुकलुकवायची सोय. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या पिना नुसत्या शोभेच्या, वायर कशालाच जोडलेली नाही. गाडीतून फक्त दिव्यापुरती वीज घ्यायची आणि लुकलुकायचं. हे खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मापात पाप." दोन दिवस धड जेवले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की इंजिनाच्या कॉम्प्युटरची आज्ञावली खरोखर बदलून देणारी माणसं असतात, आणि ज्या गाडीत टर्बो असतो तिच्यात फरक चांगलाच पडतो, आपल्यासारख्या साध्या इंजिनात नाममात्र. पण हे काम जाणत्याने इंजिन समजून करायचं असतं, डबी खोचून होत नाही. तू हेच सांगितलं असतंस, माहीत आहे. म्हणून तर तुला विचारलं नाही.

पुरे करते. हात दुखला, तुझे डोळे दुखले असतील. वहिनीला माझ्या वतीने तिच्या खोकल्याची विचारपूस करायला सांग. मोठ्यांना माझा नमस्कार म्हणायची सोय आता राहिली नाही, आपल्या वर आत्याच उरली, आणि ती माझ्याच खोलीत घोरतेय.

तुझी,
धाकटी

ता. क. गाडीचं काय करायचं ते तू म्हणशील तसं, अर्धी तुझीच आहे. फक्त इथे येऊन ठरव. आत्याला पुन्हा एकदा तो चढ चालायचाय आणि तिला तू सोबत हवा आहेस. असं ती म्हणाली नाही. दादा येणार का, एवढंच रोज विचारते, आणि उत्तर दिलं की ऐकू आलं नाही म्हणते.

ता. क. २. हे पत्र टाकायला ह्यांच्याकडे दिलं होतं, ते अजून कोटाच्या खिशातच निघालं. बरंच झालं, वर लिहिलेलं दुरुस्त करायचंय. आज आत्याच्या हट्टाखातर पुन्हा टाकीवर गेलो, ती आणि मी चालत, हे गाडी घेऊन. उतरताना तिच्या चपलेचा पट्टा तुटला म्हणून तिला गाडीत बसावंच लागलं. मी पुढे बसून बडबडत होते. दुसऱ्या वळणावर ह्यांनी आरशात पाहिलं आणि एकदम गाडी बाजूला घेतली. "तापली वाटतं. जरा उतरा सगळे." अरे, उतारावर! मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. आत्या राखेसारखी पांढरी झाली होती, रुमाल तोंडाशी. ती उतरून कठड्याशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि हे बॉनेट उघडून गार इंजिनावर फुंकर घालत बसले. तेव्हा मला आठवलं, आई तर बसमध्ये खिडकीशी बसून घाटभर विणकाम करायची. बऱ्याच वेळाने आत्या वळली, म्हणाली, "जुनी झाली रे गाडी." आणि ज्यांनी त्या गाडीच्या अब्रूसाठी डबी आणली, पाणी वाहिलं, जेवण टाकलं, ते तुझे मेहुणे म्हणाले, "हो ना आत्या. उतारसुद्धा झेपत नाही तिला."

म्हणून ये, आणि आलास की गाडीला नावं ठेव. आत्यासमोर, चांगली मोठ्याने.