सतरावी डबी

सोमवार, ३ तारीख

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सर्वेवालीनं हेल्मेट काढलं आणि माझं आयुष्य बदललं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून ताई अजून तोंड फिरवून बसलीय, बसू दे. नोकरी झकास आहे. कोरड्या बोगद्यात दर पन्नास पावलांवर भिंतीला एक डबी, अशा तीस. वायर नाही. कानगोष्टींचा खेळच: तिसावी एकोणतिसावीला सांगते, ती अठ्ठाविसावीला, असं करत भेगांची रुंदी आणि तापमान बाहेरच्या केबिनीत माझ्या पडद्यावर. निरोप कुठल्या डब्यांमधून आला तेही दिसतं. मधली एक बंद पडली की पलीकडच्या सगळ्या मुक्या, असं साहेब म्हणाले.

गुरुवार, ६

ती दर गुरुवारी आत भेगा तपासते. बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत तिला लग्नाचं विचारलं. "आधी मिशी तर फुटू दे, राजा," म्हणाली. सगळे खो-खो हसले. डोक्यात तिडीक गेली. आत जाऊन सतरावी डबी पान्यानं फोडली.

शुक्रवार, ७

तुकडे माझ्या खिशात आहेत. तरी पलीकडच्या तेराही बोलतायत. मार्ग: अठरा, सतरा, सोळा. बोगद्याचं तापमान एकोणीस. सतरावीचं सदतीस.

सोमवार, १०

तेराही डब्या भेगांचा एकच आकडा देतात. अगदी एकच. कुणीतरी मधे स्वतःच्या मनचं सांगतंय. साहेबांपुढे तुकडे ठेवले, गुन्हा कबूल केला. ते म्हणाले, आलेख सरळ आहे, तुझंच डोकं फिरलंय. तिला म्हटलं, जाऊ नकोस. तिला वाटलं, नवा बहाणा.

गुरुवार, १३

बोगद्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो. साहेबांनी दंड धरून बाजूला ओढलं. ती गेली. तिच्या हेल्मेटात एकतिसावी डबी, कपाळाला टेकलेली. तापमान छत्तीस.

११.०५ — एकतीस, अठरा, सतरा, सोळा. पलीकडे पोचली. आत फोन लागत नाही.

११.२० — एकतिसावी: एकोणीस. साहेब म्हणतात, हेल्मेट काढून ठेवलं असेल. चहाला गेले.

११.३० — एकतीस, सतरा, नऊ. मधल्या सगळ्या गाळून. सतरा जागची हललीय, तिला घेऊन —

११.३४ — एकतीस, सतरा, चार.

साहेब फोन उचलत नाहीत. डबी मी फोडली. मीच —

११.३६ — एकतीस, सतरा. पुढे थेट मी.

वही घेऊन बाहेर पडलो. केबिनीचं दार ओढून घेतलं, कडी घातली. बोगद्याच्या तोंडाशी ती उभी आहे, हेल्मेट हातात, आणि तिच्यामागे —