अक्काचा व्हिडिओ कॉल

४ नोव्हेंबर
हुबळीहून केलगेरी गावी, अक्काकडं. मिरजेच्या स्थळाशी पहिला व्हिडिओ कॉल. गजाननराव, शाळेत चित्रकला शिकवतात, बायको वारली. अक्कानं मोरपंखी साडी नेसली.
सगळं फसलं. तापात कान गेल्यापासून ही ओठ बघून बोलणं ओळखते, आणि पडद्यावर ओठांच्या जागी नुसता डाग. ते विचारत राहिले, ही उगाच मान हलवत राहिली. शेवटी फोन पालथा घातला. "ब्याड गं, नकोच. परत नको."
आणि हुबळीच्या ऑफिसात माझं काम हेच. व्हिडिओ कॉलचं ॲप बनवणं!

६ नोव्हें.
साहेबांशी वाद. आपण चित्र दाबून दाबून लहान करतो, म्हणून ते लगेच पोचतं. स्पष्ट हवं तर उशीर सोसावा लागतो. म्हटलं, निवड माणसाला द्या की. "उशीर झाला की लोक फोन ठेवतात." खरं आहे ते. पण...
चाचणीच्या ॲपमध्ये 'स्पष्ट चित्र' असं एक बटण टाकायला मिळालं, एवढंच. गजाननरावांना ॲप पाठवलं. लगेच घेतलं त्यांनी!

९ नोव्हें.
परत केलगेरीला. अंगणातून घरातल्या अक्काला कॉल करून पाहिला. स्पष्ट चित्रावर, "तुझा वाकडा दात दिसतोय!" म्हणाली. पण ते माझ्यापर्यंत यायला इतका वेळ, की वाटलं रुसलीच. गजाननरावांना असंच वाटलं तर?
अक्का म्हणते, "सांगायचं त्यांना."
"कोण सांगणार?"
"मीच की."

१० नोव्हें.
सांगितलं तिनं. "मला ऐकू येत नाही. ओठ बघते. माझं उत्तर उशिरा पोचेल."
"पोचू दे," म्हणाले. एकदाही मध्ये बोलले नाहीत.
"हळू बोलू का?"
"नको, तोंड वेडंवाकडं होतं."
हसले. उशिराच, पण पोटभर.
मग अक्का एकदम, मला न विचारता : "माझा शिवणाचा वर्ग इथं आहे. मी मिरजेला नाही येणार. तुम्ही इकडं याल?"
पडद्यावर ते तसेच बसलेले. नेटवर्क, का विचार, कळंना. मी फोनकडं हात नेला तर अक्कानं मनगट धरलं.
मग बोलले काहीतरी. मी खुणेनं सांगायला लागले, तिनं अडवलं. कॉल संपल्यावर म्हणाली,
"घरात म्हातारी आई आहे, तिला विचारून रविवारी सांगतो, म्हणाले. बरोबर?"
"बरोबर."
"विचारायलाच हवं की आईला," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. दूध उतू गेलं तरी तिथंच उभी.