विमा कंपनीच्या साहेबांची दाढ

ती. वन्सं यांस साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, की नव्या औषधाने गप्प बसला? भावोजींनी मीठ कमी केलं का? (केलं नसेल, पण विचारायची पद्धत आहे.) इकडे सगळी खुशाल आहेत. म्हणजे माणसं खुशाल आहेत, गाडीचं तसं म्हणता येणार नाही. ती हकिगत तुम्हाला तुमच्या बंधुराजांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहायला बसले. त्यांच्याकडून कळली, तर सगळा दोष खांबाचा निघेल.

सुरुवात झाली सिग्नलपासून. चौकात कॅमेरा बसवलाय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण हे लाल दिवा असताना रमतगमत पुढे गेले आणि घरी फोटोसकट दंड आला. दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती. यांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "गाडी काय झकास आलीय!" त्यानंतर एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने शिरले. समोरून येणारे हात हलवत होते, त्यांना हेही हात हलवत गेले. (जुने पेशंट असतील असं वाटलं म्हणे.) तिसऱ्या दंडाला तर तोडच नाही. दोन दंड झाल्यामुळे विम्याचा हप्ता वाढेल का, हे विचारायला यांनी विमा कंपनीला फोन लावला, आणि तोही गाडी चालवता चालवता! पलीकडची मुलगी "एक मिनिट थांबा हं" म्हणाली, आणि तेच वाक्य खिडकीबाहेरून पोलिसानेही म्हटलं.

मग आला खांब. आपल्याच फाटकाचा, वन्सं, लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तिथंच उभा असलेला. उभा जन्म लोकांच्या तोंडात इवलासा आरसा घालून पार मागची दाढ हुडकणारा हा माणूस, पण गाडीच्या तीन आरशांत मिळून त्यांना एक खांब सापडला नाही. गाडी मागे घेतली ती धाडदिशी. दिवा फुटला, डिकीचं झाकण असं वाकलं की गाडी मागून कुणाला तरी वेडावतेय असं वाटावं. शेजारच्या काकू धावत आल्या, तर हे खाली उतरून खांबाकडे बघत म्हणाले, "कुणाला लागलं नाही ना?"

विमा भरपाई देईल या आशेवर आम्ही अर्ज केला. पाहणीला कंपनीचे साहेब आले. माणूस कडक. हसणं नाही, बसणं नाही, चहा नको. खांब मोजला, पोचा मोजला, फोटो काढले, पण सगळं एका हाताने, कारण दुसरा हात गालावर. गाल हा एवढा सुजलेला. झालं! यांचं गाडीवरचं लक्ष उडालं. साहेब म्हणतात, आधी गाडी बघू द्या. हे म्हणतात, "गाडी कुठं पळून जातेय? ही दाढ मात्र आज रात्री तुम्हाला छतावर चालायला लावेल." हाताला धरून पुढच्या खोलीतल्या दवाखान्यात नेलं, खुर्ची मागे केली, दिवा लावला, डोळ्यांवर ते जाड भिंग चढवलं.

आता तुमच्या भावाची खोड तुम्हाला मी काय सांगणार! समोरच्याचं तोंड उघडलं की यांचंही उघडतं. पेशंटला उलट बोलता येत नसल्यामुळे जगात आपल्याशी सगळेच सहमत आहेत, असा त्यांचा चाळीस वर्षांचा समज आहे. सिग्नल सांगितला. एकेरी रस्ता सांगितला. फोनचं सांगितलं. मी आतल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत कानोसा घेत होते. आणि दाढ हलायला लागली तसं यांना अधिकच स्फुरण चढलं. "लायसन्सचंच बघा ना साहेब, मुदत संपून किती महिने झाले, पण हात कधी विसरतो का?" मी जोरात खोकले. पुन्हा खोकले. तिकडून उत्तर आलं, "अगं, कोमट पाणी पी!" साहेब नुसतेच "आं, आं" करत होते. हे म्हणाले, "बघा, तुम्हालाही पटलं."

दाढ अगदी अलगद निघाली, भरपाई मात्र मुळासकट उपटली गेली. कंपनीचं उत्तर आलं की अपघाताच्या दिवशी चालकाचं लायसन्स चालू नसल्यामुळे काही देता येत नाही. खाली साहेबांनी पेनाने लिहिलं होतं, "बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. आभारी आहे." मी पदर खोचून, यांना बरोबर घेऊन, भांडायला त्यांच्या कचेरीत गेले. साहेब स्वतः बाहेर आले, आता दोन्ही गालांनी हसत. खुर्ची दिली, चहा दिला, पण नियम तो नियम म्हणाले. वर पुढचा हप्ताही वाढणार होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे साहेबांच्या तोंडात डोकावून म्हणाले, "डावीकडची वरचीही किडतेय बरं का." मी यांना ओढत बाहेर आणलं. एवढा राग आला होता, पण पायऱ्या उतरताना मला असं हसू फुटलं की रेलिंगला धरून उभी राहिले.

शेवटी मीच गाडी शिकले. हो, या वयात! शिकवणारे मास्तर पहिल्या दिवशी दाराला चिकटून बसले होते, आता लायसन्स आल्यावर पेढे मागतात. मी चालवते, हे शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असतात. खरं सांगू? मजा येते. परवा चौकात मी थांबले, तर हे हळूच म्हणाले, "दिवा लाल आहे ना गं?" मी नुसतं हो म्हटलं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वन्सं, गाडीबिडीचं निमित्त. लायसन्सला डोळे तपासावे लागतात, म्हणून यांनी मुदत जाऊ दिली, हे मला आता कळलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असणार. भिंगाखालची दाढ दिसते, फाटकाशी उभी असलेली मी दिसत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतात. माझं ऐकत नाहीत, लेकीचं ऐकत नाहीत. तुमच्यापुढे मात्र अजून चड्डीतले होतात. तेवढं एक खडसावून लिहा. मी लिहिलंय म्हणून सांगू नका.

ता. क. २. अक्का, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. वाचता आलं, त्या अर्थी डोळे ठणठणीत आहेत. (भिंग लावलं होतं, ते हिला कळवू नकोस.) आणि ती फाटकाशी उभी असली की दिसत नाही, हे खोटं आहे. चेहरा दिसत नाही, पण तीच आहे हे कळतं. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो असं मी तिला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्याला "आ करा, काही दुखणार नाही" म्हणण्यात जन्म गेला. ते किती खोटं असतं, हे मलाच ठाऊक. तेव्हा खडसावणारं पत्र लिहू नकोस. तूच ये.