मैनेचा आवाज

मोहाडी, १४ ऑगस्ट २००८

चि. तेजस्विनीले मामाचे पोटभर आशीर्वाद.

हातमागाच्या खटखटीनं कान गेले, फोनवरचं बोलणं मले कळत नाही, म्हणून हे पत्र. तू नागपूरले जनावरांची डाक्टर होऊन राहिली, तर एक सांग. आपली मैना मांजर सहा पावलं चालते अन् बसते. दम घेऊन पुन्हा सहा चालते. मामी म्हणते आवाजही गेला. मले काय कळणार? आळशी झाली समजून मी तिलेच रागावलो. अशक्त आहे म्हणून मामी पेज पाजते, तेही उलटून येते.

दाराशी कोणी आलं का तिचे कान उठतात, तवा मी माग थांबवतो. ती गेली तर मी खरा बहिरा होईन, पोरी.

उत्तर पत्रातूनच कळव. लोभ असू दे.
नंदलाल मामा

नागपूर, १९ ऑगस्ट

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आधी पेज बंद! अन्ननलिका ढिली पडली असावी. पातळ काही फुप्फुसात गेलं तर जीव जाईल. घट्ट गोळे भरवा आणि मग वीस मिनिटं तिला उभी धरा. काहून असं झालं ते इथं तपासू. लगेच घेऊन या.

तुमची तेजू

मोहाडी, ३० ऑगस्ट

चि. तेजूले आशीर्वाद.

तुझ्या दवाखान्यात सुई टोचल्याबरोबर मैना ताठ चालली अन् थोड्या वेळानं पुन्हा बसली. हे काय नवल बाई! बसमध्ये तोच इचार करत आलो. छातीतल्या गाठीपायी अंगातले राखणदारच बिघडले, ते नसांचा निरोप स्नायूले पोहोचू देत नाहीत, असं तू म्हणाली. म्हणजे मी मागावर आडव्या सुताचा धोटा फेकला अन् मंधातच कोणी अडवला, तसं का? अन् गाठ काढली का राखणदार शहाणे होतात का? मामी म्हणते कापाकापी नको, गोळीवर जगन तेवढी जगन. मी काय करू?

मामा

नागपूर, ४ सप्टेंबर

ती. मामांस नमस्कार.

धोटा अगदी बरोबर! आमचे सर आता वर्गात तेच सांगणार आहेत, तुमचं नाव घेऊन. राखणदार शहाणे होतीलच असं नाही, काहींना नंतरही गोळी लागते. भूल देण्यातही धोका आहे, लपवत नाही. पण गाठ वाढत राहील आणि तिचा श्वास कोंडेल. माझी मांजर असती तर मी काढली असती. मामीला वेगळं लिहिते.

तेजू

मोहाडी, ९ नोव्हेंबर

चि. तेजूले मामा-मामीचे आशीर्वाद.

गाठ काढल्याचे टाके सुकले. गोळी सुरू आहे. जेवण झालं का मामी तिले खांद्यावर घेऊन अंगणात फिरते. शेजारची शकुनबाई इचारते, म्हातारपणी लेकरू झालं का? उंदीर मात्र अजून एक नाही धरला.

साडीचा पदर अर्धा विणून उठायचं नाही, हा आपल्या घरचा नेम तुले ठाऊक आहे. काल मी पदरच विणून राहिलो होतो. मामीनं येऊन धोटाच धरला. मी लय चिडलो. तिनं बोट दाखवलं. मैना तोंड उघडून बसली होती, मामी म्हणे, ओरडून राहिली. मले काहीच ऐकू आलं नाही. मंग मामीनं माझा हात धरून मैनेच्या गळ्यावर ठेवला.

गळा थरथरला, पोरी. एकदा, मंग पुन्हा.

पदर अर्धाच आहे. आज विणीन.

तुझा मामा