माय मेलेल्या कोकराचं नाव

माय,

मी सध्या पीएच.डी. करते आहे, म्हणजे तुझ्या भाषेत अजून शिकूनच राहिले. विषय ऐकशील तर पदर तोंडाला लावून हसशील: सेनगाव तालुक्यातल्या मेंढ्या राखणाऱ्या बायांचे शब्द. पुसेगाव, गोरेगाव पालथं घालून आणलेले सगळे शब्द लॅपटॉपवरच्या एका ॲपमध्ये भरलेत. एकेका शब्दाची एकेक नोंद, आणि तिला तिच्या गोतावळ्याशी जोडून द्यायचं. लोकर कातरणीशी, आजार झाडपाल्याशी. जी कशालाच जोडलेली नाही, तिला हे ॲप सरळ 'अनाथ' म्हणतं आणि तिची वेगळी यादी दाखवतं. बोलायची काही रीतभात नाही मेल्याला.

त्या यादीत माझी एकच नोंद उरली आहे. तिला नावही नाही. चुलीपाशी पोत्यावर कोकरू पडलंय, त्याची आई कालच मेली आहे. तू शेळीच्या दुधात चिंधी बुडवून त्याच्या तोंडात पिळते आहेस आणि मी भाकरीसाठी भोकाड पसरलंय. "काहून रडून राहिली गं? तू बी माझं तेच हाईस की," असं म्हणालीस, पण 'तेच' नव्हतीस म्हणाली, त्या जागी दुसराच शब्द होता. माय मेलेल्या कोकरासाठीचा तुझा शब्द. रागावलीस तरी मला तोच, लाडात आलीस तरी तोच. तुझा आवाज आठवतो, हातांचा वास आठवतो, तेवढा शब्द जिभेवर येत नाही. शोधाच्या चौकटीत काय टाकू? शोधायलाही आधी शब्दच लागतो.

परवा गोरेगावात एका म्हातारीला विचारलं, माय मेलेल्या कोकराला तुम्ही काय म्हणता? ती म्हणाली, "काय म्हणावं बाई? कोकरूच. तुमाला काहून पायजे?" मी वही मिटून उठले. जीपमध्ये बसल्यावर मात्र रडू आवरेना. त्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी नाही, आणि ते नाव काय होतं हे सांगणारंही नाही.

हे पत्र त्याच नोंदीत लिहिते आहे. दुसरीकडे कुठे पाठवू?

सर सारखे विचारतात, शब्द गोळा करणं कधी थांबवणार? मी म्हणते, अजून दोन-चार गावं राहिलीत. खोटं आहे ते, माय. प्रबंधापुरते शब्द केव्हाच झालेत.