वहिनीचा रोल

४ मार्च

दादाला माझ्या मशीनचा एवढा राग का? त्याच्या फोटो स्टुडिओतली एक खुर्चीही मी हलवलेली नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसतं बिचारं — जुनं, दुरुस्त करून विकलेलं. कॅमेऱ्याचा रोल घातला की आपणच बाटल्यांतून औषधं ओढतं, ड्रम फिरवतं. लोकांच्या कपाटांत न धुतलेले रोल पडून असतात. ते धुऊन द्यायचे, एवढंच माझं स्वप्न.

दादा म्हणाला, "घरातली पहिली पदवीधर! आणि उघडलं काय, तर लाँड्री!" आई हसली. हसायचं काय त्यात!

६ मार्च

स्टुडिओत कुणीतरी विचारलं, "तुमची बहीण रोल धुते म्हणे?" तेव्हापासून दादाच्या कपाळावर आठ्या. डार्करूमचं काम बाबांनी त्याला शिकवलं, मला दाराबाहेर ठेवलं. बाबा गेल्यावर त्याने डार्करूम मोडून तिथे कॉम्प्युटर बसवला. स्वतः टाकून दिलेलं काम मी उचललं, तरी पोटात दुखतंय!

९ मार्च

वहिनीने गुपचूप एक रोल दिला. तिच्या वडिलांचे शेवटचे फोटो आहेत त्यात. "ह्यांना किती वेळा म्हटलं. 'बघू' म्हणतात. वन्सं, तुम्हीच करा."

उद्या. सगळं नीट तपासून.

१० मार्च

कोरा. काचेसारखा आरपार पारदर्शक.

न्हाणीघरात तशीच बसून राहिले. दार लोटलेलं, फीत माझ्या हातात — आणि बाहेरून दादा, "काय गं, काच निघाली ना?"

त्याला कसं कळलं?

कॅमेरा बिघडलेला असता तरी कडेचे आकडे उमटले असते. ते कंपनीच घालते, रोल धुतला की दिसतात. इथे तेही नाहीत. म्हणजे चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी, न उमटलेलं धुऊन काढणारा फिक्सर गेला आणि सगळं पुसून गेलं. मशीनमागे वाकून पाहिलं. दोन्ही नळ्या एकमेकींच्या बाटल्यांत! दुरुस्तीवाल्याने सगळ्या नळ्या एकसारख्या पांढऱ्या घातल्यात, वरून कळत नाही. सकाळी मी स्वतः तपासल्या होत्या. मग रोल आणायला खोलीत गेले, तेवढ्यातच! घरात हे काम येणारं माझ्याशिवाय एकच माणूस.

विचारलं. लाजला नाही! "धडा मिळाला ना? लोकांच्या वस्तूंशी खेळायचं नसतं."

रोल कुणाचा, हे विचारलंच नाही त्याने. मग मीच सांगितलं. चेहरा उतरला. मग म्हणाला, "तिला सांगितलंस तर बघ!"

११ मार्च

आईला सांगितलं. तिचं ठरलेलंच — "तुझ्या हातून बिघडला म्हण. तुझं काय जातंय? त्याचा संसार आहे."

माझं काय जातंय!! मग शिकवलंत कशाला? खोटं शुद्ध भाषेत बोलता यावं म्हणून?

वहिनी सारखी डोकावतेय. "झालं का हो?" "वाळतोय," म्हणाले. जीभ झडली नाही.

१२ मार्च

दादा जेवताना शीळ घालत होता. ताट डोक्यात घालावंसं वाटलं.

१३ मार्च

सकाळी चहाच्या वेळी वहिनीला सगळं सांगून टाकलं. दादासमोर. आई मध्ये पडली, तरी थांबले नाही. वहिनी रडली नाही, तिने फक्त ती कोरी फीत मागून घेतली.

दुपारी स्टुडिओवरून गेले. दर्शनी काचेत, नमुन्याच्या फोटोंच्या मधोमध, फीत टांगलेली. आत दादा, मान खाली घालून. काढायची हिंमत झालेली नाही.